अजीर्णाने मेलेला हब

१

मेले ते असे: दोन हार्ड डिस्क, एक माऊस आणि एक यूएसबी हब. कॉम्प्युटर जखमी होता. ज्या भोकात हब खुपसलेला होता ते भोक कायमचं मुकं झालं होतं, बाकी तो धडधाकट. आणि या सगळ्या पसाऱ्यात, फरशीवर मांडी घालून, चौथ्या मजल्यावरची युमना बसली होती. हातात जळका वास येणारी ती काळी चपटी डबी.

"अम्मो नईम," ती म्हणाली; आमच्याकडे काकाला अम्मो म्हणतात. "कुणीतरी मुद्दाम केलंय हे."

हब म्हणजे कॉम्प्युटरच्या एका भोकातून चार भोकांची सोय करणारी डबी. युमनाच्या हबला भिंतीतून वीज आणणारा स्वतःचा अडॅप्टर होता. एका डिस्कमध्ये तिचा चित्रपट होता, हातानं काढलेल्या चित्रांचा, कॉलेज सुटल्यापासून ती त्याच्यामागे होती. दुसऱ्या डिस्कमध्ये त्याच चित्रपटाची नक्कल. मूळ आणि नक्कल एकाच हबला लावून ठेवायची अक्कल तिला कुणी दिली हे मी विचारलं नाही. त्या चित्रपटाच्या जोरावर फ्रान्समधल्या लियॉंच्या एका शाळेनं तिला प्रवेश दिला होता. पुढच्या आठवड्यात ती निघणार होती, आणि चित्रपट सोबत न्यायचा होता.

मी खालच्या मजल्यावर राहतो. नईम सब्बाग, विमा कंपनीचा निवृत्त नुकसान-तपासनीस. बेरूतच्या बंदरातल्या त्या स्फोटानंतर लोक रडायचे आणि मी त्यांच्या फुटक्या काचा मोजायचो. मोजता मोजता माझ्यातलंच काहीतरी बंद पडलं. कधी, ते कळलं नाही. बायको गेली तेव्हासुद्धा तिच्या पलंगाचं एक चाक मोडकं आहे, हे मी आधी टिपलं. मला वाईट वाटत नाही, याचंही वाईट वाटत नाही. पण वस्तू का मोडली हे मात्र मला अजून कळतं, म्हणून शेजारीपाजारी बोलावतात.

त्या दुपारी मी घरीच होतो. रविवार म्हणजे मॉन्ट्रियलहून रीमचा, माझ्या मुलीचा, व्हिडिओ कॉल. इंटरनेट वरच्या मजल्याचंच, युमनानं मला पासवर्ड देऊन ठेवला आहे. तेवढ्यात युमनाची आई, सित्त नुहाद, म्हणजे नुहादबाई, भरल्या कोशांचं, आमच्याकडच्या भात भरून शिजवलेल्या कोवळ्या भोपळ्यांचं, पातेलं दोन्ही हातांत धरून लिफ्टनं खाली आली. रोजच्यासारखी माझ्या नकाराकडे काणाडोळा करून तिनं ताट वाढायला घेतलं. रीम काहीतरी बर्फाबद्दल सांगत होती आणि मधेच तिचा चेहरा अडकला. अर्धे मिटलेले डोळे, उघडं तोंड.

"गेली?" नुहादनं विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

आमच्याकडे वीज, रेंज, मुलगी, सगळ्यांना तेवढा एकच शब्द पुरतो. नुहादनं आणखी दोन कोशे वाढले, मी ते खाल्ले. ती वर गेली. मग बॅग आणायला मावशीकडे गेलेली युमना परत आली, आणि तिची किंकाळी ऐकून मी जिना चढलो.

नुहाद दारात पंच्याला हात पुसत उभी होती.

"विचारा हिला!" युमना म्हणाली. "सकाळी काय म्हणाली विचारा! म्हणाली, जळो मेली ती डबी, दिवसरात्र तिच्यासमोर बसून डोळे घालवशील. घ्या, जळली!"

मी नुहादकडे पाहिलं. ही बाई भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून अर्धा तास भांडते. आत्ता ती एक अक्षर बोलली नाही.

आतल्या खोलीतून तिचा नवरा, हकीम शफीक, बाहेर आला. औषधांचं दुकान चालवण्यात जन्म गेलेला हळुवार माणूस. चष्मा डोक्यावर, पायांत मोजे.

"मी झोपलो होतो," तो म्हणाला. "काय झालं?"

२

आमच्या गल्लीत काहीही जळलं की पहिला आरोपी तौफीक. मोहल्ल्याचा जनरेटर त्याचा. सरकारी वीज गेली की त्याचं इंजिन धडधडायला लागतं आणि प्रत्येक घराला मोजकी वीज मिळते. इस्त्री आणि गीझर एकदम लावलेत तर बटण पडतं आणि तौफीकला शिव्या.

तो स्वतःच वर आला. बोलावण्याआधीच.

"माझ्या विजेनं जळलं म्हणे?" दारातूनच त्यानं सुरुवात केली. "मग हा फ्रीज का जिवंत आहे? हा टीव्ही? माझी वीज काय डबीवर डूख धरून आली?"

"व्होल्टेज वाढलं असेल," युमना म्हणाली.

"अगं पोरी, दुपारी लिफ्ट चालू होती ना? सरकारी वीज असल्याशिवाय ती लिफ्ट हलते का? लिफ्ट चालू म्हणजे माझं इंजिन बंद. मी स्वतः माझ्या सासूच्या घरी जेवत होतो. विचारा सासूला, ती माझ्या बाजूनं कधीच बोलत नाही, तरी सांगेल."

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी माझं जुनं मीटर आणलं होतं. हबचा अडॅप्टर भिंतीतल्या त्याच्या नेहमीच्या भोकात होता, दुसरं टोक हबला जोडलेलं. काढून तपासला. त्यावर पाच व्होल्ट लिहिलं होतं आणि मीटरही पाचच सांगत होतं. ज्या तारेनं हबला खायला घातलं जातं ती तार निर्दोष होती.

मग मी हब उघडला. वीज आत शिरते ते तोंड काळंठिक्कर पडलं होतं. आत थेंबभर ओल नाही, तडा नाही. जे काही आलं ते त्याच तोंडातून आलं होतं, आणि हबला चिकटलेल्या प्रत्येकाला मारून गेलं होतं. बिचारा माऊससुद्धा.

अडॅप्टर चांगला, घरातलं बाकी सगळं चांगलं, तरी अडॅप्टर जिथं लागतो त्या तोंडातून मरण आलं. म्हणजे त्या वेळी त्या तोंडात वेगळीच तार होती. आणि नंतर कुणीतरी खरी तार परत आपल्या जागी लावून ठेवली होती.

अपघात स्वतःचा पसारा आवरत नाही. मी हे कुणाला बोललो नाही.

३

दुसरा संशयित वाएल. युमनाबरोबर कॉलेजात होता, अर्धी चित्रं त्यानं काढलेली. लियॉंच्या पत्रात मात्र नाव एकटीचं. रविवारी सकाळी तो घरी येऊन हबशी खटपट करून, जेवून गेला होता.

तो आला तेव्हा युमनानं त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. नुहादनं दिली.

"मला चित्रपट मारायचाच असता," वाएल मला म्हणाला, "तर बसून डिलीट केला असता, अम्मो. एक बटण. धूर कशाला काढू? शिवाय त्यात माझे पण हात आहेत. झाडं सगळी माझी."

"खरंय," युमना खाली बघत म्हणाली. "झाडं याचीच."

"सकाळी काय बिघडलं होतं?" मी विचारलं.

"रोजचंच रडगाणं. कॉम्प्युटर मोठ्या यूपीएसवर आहे, त्याला काही होत नाही. पण यूपीएसची भोकं भरलेली, म्हणून हबचा अडॅप्टर भिंतीत. सरकारी जाऊन तौफीकची येईपर्यंत हब बिनविजेचा. मग दोन डिस्क कॉम्प्युटरच्या एका भोकावर जगायला बघतात. तेवढ्या विजेत त्यांचं पोट भरत नाही. टिकटिक करतात आणि गळून पडतात. चालू काम गेलंच. मी जेवताना सांगितलं होतं की या हबला कधीच न जाणारी वीज कुठून तरी द्या, बाकी औषध नाही."

"कुणाला सांगितलं?"

"सगळ्यांना. टेबलावर होते तेवढ्यांना."

"पण या डिस्क उपाशी नाही मेल्या."

"छे!" वाएलनं जळका हब नाकाशी नेला. "उपाशी डिस्क मरत नाही, नुसती रुसते. वीज नीट दिली की परत बोलते. ह्या जास्त खाऊन मेल्या. पाचाच्या पोटात कुणीतरी भलतंच कोंबलंय."

मी कॉफीचा कप खाली ठेवला. नुकसान करायचं असतं तो तार कापतो, आदळतो, पाणी ओततो. भुकेल्याला जास्त वाढणारा मात्र शत्रू नसतो. तो घरचा असतो, आणि त्याला दया आलेली असते.

युमनाही तिथेच पोहोचली होती, फक्त दुसऱ्या बाजूनं. तिनं आईकडे पाहिलं. या घरात जास्त वाढणारं एकच माणूस सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"मी निघेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस," ती आईला म्हणाली. "निघाल्यावर पण नको."

४

दुसऱ्या दिवशी युमना घरात नाही असं बघून मी वर गेलो. नुहाद द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती.

"मीच केलं, अबू रीम," मी बसायच्या आत ती म्हणाली; अबू रीम म्हणजे रीमचा बाप, ती मला असंच हाक मारते. "मिटवा आता."

"कसं केलंत?"

"पाणी ओतलं."

"हब आतून ठणठणीत कोरडा आहे."

"मग आपटला."

"ओरखडासुद्धा नाही त्याला. सित्त नुहाद, तुम्हाला गुन्हासुद्धा धड करता येत नाही."

"मला कुणी शिकवला?" ती फणकारली, आणि क्षणभर मला बरं वाटलं, कारण हा तिचा नेहमीचा आवाज होता. मग तो पुन्हा विझला.

"ती तुमच्याशी बोलत नाही," मी म्हटलं.

"कळतंय मला. बहिरी नाही झाले."

"ती अशीच जाईल. फोनवर बापाशी बोलेल आणि तुम्ही मागे उभ्या राहाल."

तिनं एक पान उलगडून परत गुंडाळलं. चांगलं गुंडाळलेलं होतं ते. "रागानं गेलेली मुलगी विमानतळापर्यंत रडत नाही," ती म्हणाली. "तेवढंच बरं. तुम्ही खाली जा. आणि हे घेऊन जा, गरम आहेत."

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हकीम शफीक पलंगाच्या काठावर बसला होता. झोपलेला नव्हता, वाचत नव्हता. राऊटरच्या दिव्यांकडे बघत होता. राऊटर तिथंच, त्याच्या खोलीतल्या फळीवर असतो, शेजारी ती पांढरी बॅटरीची डबी. आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असते. वीज जावो, येवो, राऊटर त्या डबीवर चालू राहतो. जगाशी बोलणं तुटायला नको म्हणून लोक आधी ती घेतात, फ्रीजचं मग बघतात.

मी गरम डबा घेऊन खाली आलो. डोळ्यांसमोर सगळं होतं आणि मी ते पाहिलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं नुकसान मी लगेच हेरतो, स्वतःच्या घरात काय घडलं ते माझ्या लक्षात राहत नाही.

५

त्या आठवड्यात रीमनं मधल्याच वारी फोन केला.

"बाबा, रविवारी तू परत लावलाच नाहीस."

"नेट गेलं होतं. मग इकडे गडबड झाली." मी तिला हबची हकीकत सांगितली.

ती हसली. "थांब, तुला गंमत दाखवते." आणि तिनं एक फोटो पाठवला. तिच्या पडद्यावर अडकलेलं चित्र. पुढे मी, मागे माझ्या स्वयंपाकघराच्या दारात नुहाद, हातात पळी, तोंड उघडं, बहुतेक "अजून एक घ्या" म्हणताना. कोपऱ्यात वेळ.

"हा कशाला ठेवलास?" मी विचारलं.

"मी सगळेच ठेवते. चालू असताना तू इकडेतिकडे बघतोस, बाबा. अडकलास की तेवढा वेळ माझ्याकडे बघत असतोस."

मला यावर काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, फार खोल, बंद घरातल्या घंटीसारखं. मी फोटोकडे बघत राहिलो.

आणि मग तपासनिसाचं डोकं चालू झालं. नेट गेलं होतं. का गेलं? सरकारी वीज होती, लिफ्ट चालत होती. वीज नसती तरी काय? वरचा राऊटर बॅटरीच्या डबीवर चालतो, तो कधीच जात नाही. मी समोरच्या घरी विचारून आलो. त्यांचं नेटही त्याच केबलवाल्याचं. रविवारी दुपारभर त्यांनी मॅच बघितली, एकदाही अडकली नाही.

म्हणजे कुणीतरी हातानं राऊटरची तार काढली होती. आणि त्याच वेळी नुहाद माझ्या स्वयंपाकघरात मला जबरदस्तीनं कोशे वाढत होती.

तिचा साक्षीदार मीच होतो. तिलाही ते माहीत होतं. तरी ती बोलली नव्हती.

६

संध्याकाळी मी वर गेलो आणि सगळ्यांना बसवलं. वाएलही होता, दोन्ही मेलेल्या डिस्क उघडून बसला होता. युमना आईपासून सगळ्यात लांबच्या खुर्चीत.

"मला एकच गोष्ट दाखवायची आहे," मी म्हटलं, आणि रीमचा फोटो युमनाच्या हातात दिला. "ही वेळ बघ. ही तुझी आई बघ."

"मग?"

"या क्षणी तुमचा राऊटर बंद पडला. बंद पडत नाही तो. त्याची तार कुणीतरी काढली. बॅटरीची डबी ही या घरातली एकच वीज, जी कधी जात नाही. वाएल जेवताना म्हणाला होता ना, कधीच न जाणारी वीज द्या? कुणीतरी ते मनावर घेतलं. राऊटरची तार काढून हबमध्ये घातली. टोक तंतोतंत बसतं, मी आत्ता बघितलं. फक्त राऊटरला बारा व्होल्ट लागतात. हबला पाच."

नुहाद माझ्याकडे बघत मान हलवत होती. नको, नको.

"हे करणाऱ्याला तुझं काम थांबवायचं नव्हतं, युमना. तू बॅग घेऊन परत येशील तेव्हा तुझी डबी पुन्हा कधी बंद पडू नये, एवढंच त्याला हवं होतं. तुझी आई खाली होती, तू बाहेर, वाएल गेलेला."

युमना सावकाश बापाकडे वळली.

हकीम शफीकनं डोक्यावरचा चष्मा काढून हातात घेतला. "आधी हबवरचा दिवा लागला," तो म्हणाला. "एवढा लख्ख निळा. मी कधी तो तसा बघितला नव्हता. मला वाटलं, जमलं. म्हटलं, पोरगी येईल आणि... मग वास आला. मी सगळं होतं तसं लावून ठेवलं. मला वाटलं, परत लावलं की परत होईल."

"बाबा, तू गप्प का बसलास?" युमनाचा आवाज फाटला. "मी इतके दिवस आईला..."

"उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होतो."

"आणि तू?" ती आईकडे वळली. "तू खाली होतीस! अम्मो नईम साक्षीला होते! तू एका शब्दानं का नाही बोललीस?"

नुहादनं मांडीवरच्या पंच्याची घडी घातली. "मी वर आले तेव्हा हा मोजे घालून त्या खोलीत थरथरत उभा होता," ती म्हणाली. "मला विचारायची गरज पडली नाही. तू याच्याकडे रागानं बघितलंस तर हा मरून जाईल, युमना. माझ्याकडे तर तू रोजच बघतेस."

वाएलनं तेवढ्यात घसा साफ केला. "डिस्कचं सांगू? आतल्या तबकड्या शाबूत आहेत. पुढचा एक बारका तुकडा स्वतः जळून मागच्याला वाचवून गेलाय. असतोच तो त्यासाठी. तो काढला की चित्रपट बहुतेक परत येईल."

ही बातमी मोठी होती. पण युमनानं तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती आईकडेच बघत होती.

आणि वीज गेली.

"गेली," सगळे एकदम म्हणाले, सवयीनं. खोलीत काळोख. फक्त आतल्या फळीवर राऊटरचे दिवे तेवढे निवांत लुकलुकत होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग अनवाणी पावलांचा. खाली तौफीकचं इंजिन खोकलं, गुरगुरलं, धडधडायला लागलं, आणि दिवे लागले.

लांबची खुर्ची रिकामी होती. युमना आईच्या पायाशी फरशीवर बसून तिच्या मांडीत तोंड खुपसून रडत होती. नुहाद तिच्या केसांतून हात फिरवत पुटपुटत होती, "पंचा ओला करतेस, आत्ता धुतलाय." तिचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा कर्कश झाला होता.

हकीम शफीक मात्र उठून फळीपाशी गेला होता. चष्मा लावून, बॅटरीच्या डबीला अगदी डोळ्यांजवळ धरून, बारीक अक्षरं वाचत होता. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं, बोट ठेवून.

"बारा," तो म्हणाला. "स्वच्छ लिहिलंय. आयुष्यभर मी लोकांना सांगितलं, आधी लेबल वाचा."

"बाबा," युमना मान वर न करता म्हणाली, "ठेव ते. इकडे ये."

तो आला नाही. डबी हातात धरून तिथेच उभा राहिला. मग नुहादनं बाजूची उशी सरकवून जागा केली आणि ओरडली, "ये म्हणतेय ना ती!" तेव्हा तो आला.

मी जिना उतरलो. घरी येऊन रीमला फोन लावला. तिनं उचलला, आणि मी इकडेतिकडे बघितलं नाही.